मधल्या माणसाची खुर्ची

"पप्पा शेवटच्या बैठकीत ढसाढसा रडले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मम्मींशी ते त्या दिवशी पहिल्यांदा सरळ बोलले. मॅडमनी त्यांचा अहंकार उतरवला, म्हणून मम्मी पलसाण्याहून घरी आल्या."

हे निवेदन माझ्या सुनेचे आहे. पर्वत पाटिया भागात ज्या इमारतीत ती आणि माझा मुलगा राहतात, तिथल्या लिफ्टमध्ये ती ते सांगते, हळदीकुंकवात सांगते, आणि कोणाच्या घरी नवराबायकोचे बिनसल्याचे कानावर आले की फोन करून मुद्दाम सांगते. माझा जावई पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये सुपरवायझर आहे. त्याने हीच कथा मिलमध्ये चहाच्या वेळी सांगून तिला रंग चढवला. हा त्याचा व्यवसायच असल्यामुळे त्याला दोष देत नाही. त्याच्या रंगकामात मी त्या समुपदेशक बाईंच्या पाया पडतो आणि बाई मला उठवून बसवतात. ही कथा लिंबायतीत आमच्या गल्लीपर्यंत पोहोचली तेव्हा तिच्यात मी पलसाण्याला जाऊन बायकोपुढे हात जोडून उभा होतो.

सुनेच्या निवेदनात विधाने तीन आहेत आणि तिन्ही खोटी आहेत. बैठका चालू असताना त्या खोलीत आम्ही तिघे होतो: मी, माझी पत्नी आणि त्या बाई. सून बाहेरच्या बाकावर बसून मोबाइलवर पाककृती पाहत होती. जिने दार बंद असताना आत काय घडले हे पाहिले नाही, तिने ते इतक्या तपशिलाने सांगावे आणि ज्याच्या आयुष्यात ते घडले त्याला कोणी विचारूही नये, ही आजकालची रीत असावी. मला ती मान्य नाही. म्हणून लिहितो.

मी जन्मभर मागावर काम केले. आधी विणकर म्हणून, मग मास्तर म्हणून, म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करणारा म्हणून. खानदेशातून या कापडाच्या शहरात आलो तेव्हा मॅट्रिक होतो. आमच्या मंडळाचे सगळे अर्ज आणि इतिवृत्ते मीच लिहिली. हे अशासाठी सांगितले की पुढचे वाचून कोणी माझ्या भाषेची कीव करू नये.

आता मूळ प्रकरण. माझी पत्नी उन्हाळ्यात वाळवणासाठी मुलीकडे पलसाण्याला गेली. मुलीच्या गच्चीवर ऊन चांगले असते. पापड झाले, कुरडया झाल्या, पाऊस लागला, गच्ची ओली झाली, तरी ही परत आली नाही. मुलीचा फोन आला, "बाबा, आई म्हणते, मी आठे बरी शे." मी म्हणालो, "बरी आहे ना, मग राहू दे." पोळा आला तेव्हा गल्लीतली मंडळी मला थांबवून चौकशी करू लागली. कोणी म्हणाले मारझोड झाली असेल. कोणी म्हणाले या वयात भांडण कसले, देवाधर्माला लागा. वस्तुस्थिती अशी की आमचे भांडण झालेच नव्हते. भांडायला एकमेकांशी बोलावे लागते.

यावर शहरी वाचकाने भुवया उंचावू नयेत. आमच्याकडे नवरा बायकोला नावाने हाक मारीत नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. आमच्या घरात ही रीत आणखी एक पाऊल पुढे गेली होती. लग्नानंतर आम्ही लिंबायतीत एकाच खोलीत राहत होतो आणि माझी आई आमच्याबरोबर होती. आईसमोर बायकोशी थेट बोलणे म्हणजे निलाजरेपणा. त्यामुळे जे सांगायचे ते आईमार्फत जाई. "तुमच्या लेकाले सांगा, तेल सरनं." आई तिथेच, मीही तिथेच, तेलाचा डबाही तिथेच. आई मान हलवी, मी पिशवी घेई. आई गेली तोपर्यंत मुले बोलायला लागली होती. मग "तुझ्या बापाला सांग" आणि "तुझ्या आईला सांग" असा कारभार चालला. मुलांच्या मागून नातवंडे आली. या पद्धतीत आम्ही दोन मुलांची लग्ने केली, घराला मजला चढवला, दुखणीखुपणी काढली. कुठे काही अडले नाही. जी माणसे दिवसभर समोरासमोर तोंड करून बोलतात त्यांच्या घरांत काय चालते ते मी सुनेच्या इमारतीत पाहिले आहे. भिंती पातळ आहेत.

मग मुलगा फ्लॅट घेऊन पर्वत पाटियाला गेला. नातवंडे त्याच्याबरोबर गेली. घरात आम्ही दोघे उरलो आणि मध्ये कोणी उरले नाही.

तो काळ कसा गेला हे सुनेला ठाऊक नाही आणि मी तिला सांगणार नाही. एवढेच नमूद करतो की ताट वेळेवर येत होते, औषधाची गोळी पाण्याच्या तांब्याशेजारी असे, आणि माझे धोतर-सदरे इस्त्री होऊन खुंटीवर असत. ज्याला हे वैर वाटते त्याने खुशाल वाटून घ्यावे.

समुपदेशनाची कल्पना सुनेची. हे तिचे श्रेय मी कापत नाही. ती आली, माझ्यासमोर बसली आणि मोठ्या गोडीने म्हणाली, "पप्पा, एकदा मॅडमना भेटा. त्या काही औषध देत नाहीत. फक्त बोलायचं. मन मोकळं करायचं."

"माझं मन काय गोडाऊन आहे?"

"पप्पा, तुम्ही प्रत्येक गोष्ट अशी तोडता. म्हणून तर."

"म्हणून तर काय?"

"म्हणून तर मम्मी येत नाहीत."

यावर मी उठून बाहेर गेलो. दुसऱ्या दिवशी मी मुलाला फोन करून विचारले की ती जागा कुठे आहे. याचा अर्थ सुनेने असा लावला की तिच्या बोलण्याने मी हललो. मी जायचे ठरवले, कारण मुलीने कळवले होते की तिची आई यायला तयार आहे. पलसाण्याहून ती पर्वत पाटियापर्यंत येणार होती. घरी नाही, पण तिथवर. जी बाई घरी येत नव्हती ती एका परक्या खोलीत मला भेटायला येणार होती, आणि मी घरी बसून राहावे असे कोणाचे मत असेल तर त्याने ते स्वतःपाशी ठेवावे.

जागा साड्यांच्या दुकानांवर तिसऱ्या मजल्यावर होती. जिन्यात पार्सलांचे गठ्ठे रचलेले, त्यामुळे वर जाणारा अंग चोरूनच जाई. आत मात्र थंडगार. भिंतीला फिका हिरवा रंग, कोपऱ्यात प्लास्टिकचे झाड, टेबलावर कागदी रुमालांचा डबा, त्यातला एक रुमाल अर्धा वर काढून ठेवलेला, जणू रडणे आधीच ठरलेले आहे. तो रुमाल पाहूनच मी निश्चय केला की या डब्याला हात लावायचा नाही.

बाई गुजराती होत्या, माझ्या मुलीच्या वयाच्या. हिंदीत बोलत. मराठी त्यांना समजे, आणि पत्नीची अहिराणी तर माझ्या पुस्तकी मराठीपेक्षा जास्त समजे, कारण तिचे निम्मे शब्द त्यांच्या भाषेच्या शेजारचेच.

पहिल्या भेटीत त्यांनी आम्हाला समोरासमोर बसवले आणि स्वतःची खुर्ची ओढून मागे भिंतीशी नेली. म्हणाल्या, "काका, मासी, आप दोनों एक-दूसरे की तरफ देखकर बात कीजिए. मैं बीच में नहीं आऊँगी. आज तक जो बोल नहीं पाए, वही बोलिए."

मी पंख्याकडे पाहिले. पत्नीने टेबलाकडे पाहिले. खाली कोणीतरी हातगाडीवाल्यावर ओरडत होते, त्याची सगळी कुळकथा आम्ही तिघांनी ऐकली. बऱ्याच वेळाने पत्नीने काय केले, तर ती उठली, आपली खुर्ची उचलून पूर्ण फिरवली, माझ्याकडे पाठ केली आणि भिंतीशी बसलेल्या बाईंकडे तोंड करून म्हणाली, "बेन, त्यासले सांगा, डोळाना थेंब वेळवर टाकत जा."

बाईंनी हसू दाबले. म्हणाल्या, "मासी, काका आपके पीछे ही बैठे हैं. आप उन्हीं से कहिए."

"तेच ते सांगी राहिनू," पत्नी म्हणाली. "तुम्ही सांगा."

मीही म्हणालो, "बेन, उनको बताइए कि थेंब मैं बराबर डालता हूँ."

बाईंनी हाताने कपाळ चोळले. त्यांना वाटले असावे की आम्ही त्यांची थट्टा करतो आहोत. आम्ही करीत नव्हतो. आम्हाला दोघांनाही इतक्या महिन्यांनी मध्ये घ्यायला माणूस मिळाले होते, आणि ते पाहून आम्ही ज्या पद्धतीने बोलत आलो त्या पद्धतीने बोलू लागलो. समुपदेशन म्हणजे काय हे आम्हाला कोणी समजावले नव्हते. आम्ही समजलो की बाई याच कामासाठी नेमलेल्या आहेत.

इथे मी त्या बाईंना न्याय देतो, कारण सुनेच्या कथेत त्यांना न्याय मिळत नाही. सुनेच्या कथेत त्या एखाद्या पहिलवानासारख्या माझ्या अहंकाराला चीत करतात. प्रत्यक्षात पुढच्या भेटीला आम्ही गेलो तेव्हा तीन खुर्च्यांचा त्रिकोण मांडलेला होता आणि बाई मधल्या खुर्चीवर बसल्या होत्या. हट्ट सोडलेला दिसत होता. म्हणाल्या, "ठीक है. आप मुझसे कहिए. मैं पहुँचाऊँगी. लेकिन एक शर्त है. मैं वही कहूँगी जो मैंने समझा. आप बताइएगा कि ठीक समझा या नहीं."

ही अट ज्याने शोधून काढली तो माणूस डोके वापरणारा असला पाहिजे. आई होती, मुले होती, नातवंडे होती, त्यांनी शब्द जसाच्या तसा पुढे ढकलला. किंबहुना ढकललाही नाही, कारण आम्ही दोघे तिथेच असल्याने तो ऐकलेलाच असे. या बाई मात्र पत्नीचे वाक्य ऐकून घेत, थोडे थांबत आणि स्वतःच्या हिंदीत मला सांगत. वाक्य तेच, पण त्यातला टोमणा वाटेत कुठेतरी गळून पडे, आणि जे उरे ते मी घरात कधी ऐकले नव्हते. पत्नी म्हणे, "त्यासले काय, घरमा कोन मरनं कोन वाचनं." बाई मला म्हणत, "काका, मासी कह रही हैं कि वे घर में अकेली पड़ गई थीं. ठीक समझी, मासी?" पत्नी थोडा वेळ बांगड्या मागेपुढे करी आणि म्हणे, "हाव."

मी म्हणे, "मीही काही जत्रेत नव्हतो." बाई तिला सांगत, "काका भी अकेले थे." आणि माझ्याकडे वळून, "ठीक?" आता यावर नाही कसे म्हणणार?

सुनेला वाटते की समुपदेशन म्हणजे माणसाला वाकवणे. जावयाला वाटते ते एखादे टॉनिक आहे. तो येताजाता 'हीलिंग' हा शब्द वापरतो, आणि त्याच्या तोंडून तो ऐकला की मला एखाद्या मलमाची जाहिरात आठवते. या दोघांना जे कळलेले नाही ते असे की त्या खोलीत कोणी कोणाला काही शिकवले नाही. आमचेच बोलणे एका समंजस माणसाच्या हातून फिरून आमच्याकडे आले, आणि आपण काय बोललो होतो ते आम्हाला तेव्हा ऐकू आले.

शेवटची बैठक, जिच्याबद्दल एवढा गवगवा आहे, ती अशी. बाईंनी मला विचारले, "काका, मासी के जाने से पहले घर में क्या बदला था?"

मी म्हणालो, काहीही नाही. उलट मी घर सुधारले. आमच्या घरापुढे ओटा आहे. पत्नी आणि गल्लीतल्या चार-पाच बाया दुपारी त्यावर बसून साड्यांना टिकल्या चिकटवीत, धागे कापीत. गल्लीत रिक्षांची वर्दळ वाढली, धूळ येई, धूर येई, भटकी कुत्री चढत. मुलगा म्हणाला, जाळी बसवून घ्या. मी उत्तम प्रतीची लोखंडी जाळी बसवली, ओट्याच्या कडेपासून छतापर्यंत, दाराला कडी. आत चटई, पंखा. बायकोला सुख व्हावे म्हणून केले. आणि हे तिला सांगा, मी बाईंना म्हणालो, कारण तिने त्याबद्दल एक शब्द काढलेला नाही.

बाईंना सांगावे लागलेच नाही. पत्नी बाईंनाच म्हणाली, "कोनले इचारीसन बसाडी?"

मग ती बाईंकडे पाहून बराच वेळ बोलली. इतके ती सलग बोलताना मी ऐकले नव्हते. जाळीमुळे बाया यायच्या बंद झाल्या. कडी वाजवून परक्याच्या घरात शिरल्यासारखे वाटते म्हणून त्या समोरच्या ओट्यावर बसू लागल्या. ही जाळीतून त्यांच्याकडे पाहत राही. हे मला समजण्यासारखे होते. त्यानंतर ती जे म्हणाली ते बाईंनी माझ्यासाठी पुन्हा सांगितले, शब्द निवडून, सावकाश:

"काका, मासी कह रही हैं, पोते-पोती चले गए तो वे ओटले पर बैठी औरतों से ज़ोर-ज़ोर से बोलती थीं, ताकि आप अंदर सुन लें. गैस खत्म हुई, घुटना दुखता है, मन नहीं लगता. औरतें तो बहाना थीं. वे आपसे बोलती थीं. जाली लगी तो वह भी बंद हो गया. मैंने ठीक समझा, मासी?"

"हाव," पत्नी म्हणाली.

मी मागाच्या आवाजावरून कोणता सुटा भाग कुठे घासतो आहे ते ओळखत असे. ओट्यावरचे तिचे बोलणे मी आत बसून रोज ऐकत होतो. गॅस संपल्याचे ऐकले की सिलिंडर सांगत होतो. गुडघ्याचे ऐकले की तेलाची बाटली आणून फळीवर ठेवीत होतो. ती बाटली कोणी ठेवली हे तिने विचारले नाही, मीही सांगितले नाही. म्हणजे बोलणे चालूच होते. फक्त ते माझ्याशी चालले आहे, हे मी धरले नव्हते. मन लागत नाही असेही ती ओट्यावर म्हणत असे. ते ऐकून काय आणून फळीवर ठेवायचे हे मला सुचले नव्हते.

मी बाईंना म्हणालो, "उनको बताइए, जाली रविवार तक निकल जाएगी."

पत्नी बाईंना म्हणाली, "त्यासले सांगा, देखसू."

बैठक संपली. बाहेर आलो तेव्हा माझे डोळे ओले होते. माझे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते आणि थेंबांची वेळ झाली म्हणून मी खोलीतून निघताना थेंब घातले होते. थेंब घातले की डोळ्यांतून पाणी वाहते, हे सुनेला ठाऊक आहे, कारण ती बाटली तिनेच आणून दिली होती. कागदी रुमालांच्या डब्याला मी शेवटपर्यंत हात लावला नाही. रडण्याबाबत एवढे पुरे.

पलसाण्याला जाऊन मी तिला आणले, हेही खोटे. पत्नी त्याच दिवशी जावयाच्या मोटरसायकलवरून पलसाण्याला परत गेली आणि मी लिंबायतीला आलो. ती येईल की नाही हे मला ठाऊक नव्हते. 'देखसू' या शब्दात दोन्ही मावते. मुलगा म्हणाला, वेल्डिंगवाल्याला बोलावतो. मी त्याला नको म्हटले. बसवताना दुसऱ्याच्या हाताने बसवली होती, तेवढे पुरे झाले. रविवारी छिन्नी, हातोडा आणि करवतीचे पाते घेऊन मी स्वतः बसलो. समोरच्या ओट्यावरच्या बाया टिकल्या चिकटवायच्या सोडून माझ्याकडे पाहत होत्या. एकीने विचारले, "मास्तर, काय घर पाडी राहिनात का?" मी हातोडा चालू ठेवला. जाळीची चौकट खाली सिमेंटमध्ये गाडलेली होती. ती निघता निघता ओट्याची पायरी मधोमध फुटली आणि अर्धी निखळून गटाराकडे गेली. मी जाळी भिंतीशी टेकवून ठेवली आणि ओट्यावर बसून घाम पुसत राहिलो. दुपारची वेळ होती.

आता सुनेचे उरलेले विधान, की मी त्या खोलीत पत्नीशी पहिल्यांदा सरळ बोललो. त्या खोलीत मी तिच्याशी एक अक्षरही सरळ बोललो नाही, आणि तीही माझ्याशी नाही. याला त्या बाई साक्षी आहेत. त्यांना कोणीही विचारावे. माझ्यात बदल झाला, मी नमलो, मी मौन मोडले, अशी जी वर्णने चालली आहेत, त्या सर्वांवर माझे उत्तर एकच आहे. त्या रविवारी दुपारी सून पर्वत पाटियाला होती, जावई मिलमध्ये होता, समुपदेशक बाई त्यांच्या घरी होत्या. गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबली आणि माझी पत्नी पापडांचा डबा काखेत धरून उतरली. समोरच्या बाया उठून उभ्या राहिल्या. तिला काही सांगायचे असते तर मध्ये घेण्यासाठी त्यातली कोणीही हाताशी होती. तिने त्यांच्यापैकी कोणाकडे पाहिले नाही. ती फुटलेल्या पायरीपाशी येऊन थांबली, मान वर करून तिने माझ्या तोंडाकडे पाहिले, आणि सगळ्या गल्लीसमोर मला म्हणाली:

"तुम्ही जाळी काढी ते काढी, पायरी काबर तोडी? आते बाया वर चढतीन कशा?"